ईनबाईंबरोबर वासोटा

ईनबाई, आज शनिवार. एरवी या वेळेला तुम्ही जरंड्याच्या डोंगरावर मारुतीला तेल वाहून, देवळाच्या पायरीवर पाय पसरून बसला असता, कमरेची पिशवी सोडून मोबाइल काढला असता आणि मला मिस्ड कॉल दिला असता. एकच रिंग. उचलायचा नाही, हे ठरलेलं. त्याचा अर्थ, मी वर पोचले, तुम्ही अजून अंथरुणात असाल तर उठा.

मी आज उठले, बूट घातले, कॅनॉलच्या भरावावर जाऊन उभी राहिले आणि तशीच परत आले. सुभेदारांनी चहा ठेवला.

तुम्हाला जाऊन पंधरवडाही झाला नाही. कसं झालं, किती वाजता झालं, डॉक्टर काय म्हणाले, हे मला चार जणांनी चार प्रकारे सांगितलं. ते मला नको आहे. मला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि बोलायची सवय आपल्याला डोंगरानंच लावली.

तुमची प्राची माझ्या अभिजितला दिली तेव्हा आपण दोघी एकमेकींना जेमतेम ओळखत होतो. मी पलूसची, मास्तरीण म्हणून निवृत्त झालेली, नवरा फौजेतून सुभेदार होऊन आलेला. तुम्ही कोरेगावच्या, घरचा ऊस, दारात चार म्हशी. लग्नात मानापानावरून तुमच्या बाजूच्या बायका कुजबुजत होत्या, आमच्याही बाजूच्या कुजबुजत होत्या, आणि तुम्ही मधूनच उठून माझ्याजवळ येऊन म्हणालात, "ईनबाई, ह्या पैठणीत मला लय उकडतंय. तुमाला बी उकडत असंल तर चला, मागल्या दारी वारं हाय." आपण दोघी मांडवाच्या मागं, ताटं धुणाऱ्या बायकांशेजारी, उलट्या घातलेल्या पातेल्यांवर बसलो होतो. मुलं मंगलाष्टकांना उभी राहीपर्यंत कुणाला सापडलो नाही.

वासोट्याचं पहिल्यांदा निघालं ते नंतरच्या संक्रांतीला. मी वाण घेऊन कोरेगावला आले होते. बोलता बोलता मी म्हटलं, नोकरी संपल्यापासून गुडघे आखडलेत, डॉक्टर चाला म्हणतात. तुम्ही तिळगूळ वळत होता. हात न थांबवता म्हणालात, "नुस्तं कशाला चालायचं? कुटं तरी जायाचं म्हनून चालावं."

"कुठं जायचं?"

"वासोट्याला."

मला वाटलं, चेष्टा करताय. कोयनेच्या धरणापलीकडचा तो किल्ला. लाँचनं पाणी ओलांडायचं, मग दाट जंगलातून अंगावर येणारी चढण, आणि सूर्य कलायच्या आत परत लाँचवर. आमच्या शाळेतले तरुण मास्तर जाऊन आले की आठवडाभर जिन्याचा कठडा धरून चालायचे. शिवाय जंगल अस्वलांचं. गवे आहेत, बिबटे आहेत, पण माणसं नाव घेतात ते अस्वलाचं.

पण तुमची चेष्टा नव्हती. तुमचं माहेर बामणोलीकडचं, पाण्याच्या अलीकडच्या काठावरचं. जुनं गाव तुमच्या जन्माआधीच धरणात गेलेलं, वर डोंगराच्या अंगाला नवीन घरं बांधलेली. त्या घराच्या दारातून समोर वासोटा दिसायचा. "जलमल्यापास्नं त्याच्याकडं तोंड करून दात घासलं," तुम्ही म्हणालात. "आमच्यातली मानसं शिवरात्रीला नागेश्वराला जायाची, गडावर जायाची. बायकांना न्हाई न्यायची. लगीन होऊन हिकडं आले. आता पन्नाशी गेली. येकदा त्यो डोंगुर पायाखाली घ्यायाचाय, आन् तिथनं आमचं घर कसं दिसतं त्ये बगायचंय."

मी हो म्हटलं. का म्हटलं ते आजही नीट सांगता येणार नाही. बहुतेक तुम्ही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं, म्हणून.

मग आपली तयारी सुरू झाली. तुमच्या वाट्याला जरंडा, माझ्या वाट्याला मच्छिंद्रगड. सुभेदार मला स्कूटरवरून पायथ्याला सोडायचे आणि खाली झाडाखाली पेपर वाचत बसायचे. इतर दिवशी कॅनॉलचा भराव. पहिल्या आठवड्यात मी अर्ध्या वाटेत बसले आणि तुम्हाला फोन केला, जमत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, "म्या बी अर्ध्यातच बसलीया. माकडं बगतीया." तेवढ्यानं मला किती बरं वाटलं होतं.

पाठीवर ओझं घेऊन चढायची सवय हवी, असं सुभेदारांनी सांगितलं. तुम्ही पिशवीत शाळू भरून चढायला लागलात. घरी आल्यावर तोच शाळू गिरणीत. तुमची सून, म्हणजे तुमच्या थोरल्याची बायको, मला एकदा म्हणाली होती, "आमच्यात आता डोंगरावर जाऊन आलेलीच भाकरी असते."

बुटांवरून आपली पहिली वादावादी झाली. सुभेदारांनी दोघींसाठी मिलिटरी कॅन्टीनमधून बूट आणले, तुम्हाला ते लोखंडाचे वाटले. तुम्ही चपलेवरच अडून बसलात. मग कपड्यांवरून. मी म्हटलं, पंजाबी ड्रेस घाला, झुडपात लुगडं अडकतं. तुम्ही म्हणालात, "मला त्या ड्रेसात हात कुटं ठिवावं त्येच कळंना." शेवटी तुमच्या मुलाची जुनी ट्रॅकपँट आत आणि वर गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, पायात ते लोखंडी बूट, अशी तडजोड झाली. कराडच्या स्टँडवर तुम्ही त्या वेषात एसटीतून उतरलात तेव्हा मी आधी ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर तोंड फिरवून हसले. तुम्हाला ते कळलं होतं. तुम्ही माझ्या गॉगलकडं बघत म्हणालात, "हसा. तुमी तर फुटू काढायला आलेल्या पोलिसावानी दिसताय."

कराडला आपण महिन्यातून एखाद्या रविवारी भेटायचो, दोघींनाही मध्यावर पडायचं म्हणून. आगाशिवाचा डोंगर एकत्र चढायचो. तिथं लेण्यांच्या सावलीत बसून तुम्ही मला नानांची गोष्ट सांगितलीत.

नाना तुमच्या वडिलांचे चुलतभाऊ. हिरडा गोळा करायला जंगलात गेले आणि वाकून वेचता वेचता समोर अस्वल आलं. जगले, पण चेहऱ्याची एक बाजू गेली. "त्ये लग्नाकार्यात टावेल घिऊन बसायचं, आसं येका बाजूनं," तुम्ही पदर गालावर ओढून दाखवलात. "आमी पोरं त्यांना भीत न्हवतो. लय मायाळू मानूस. पन रातच्याला डोळं मिटलं की आस्वल दिसायचं." मग म्हणालात, "बायकांना न्हेत न्हवते हे खरं. पन कुनी न्हेलं आस्तं तरी म्या गेले नस्ते. ह्ये कुनाला सांगू नका."

आज सांगतेय, ईनबाई. तुम्ही किती मोठी गोष्ट करायला निघाला होता ते त्याशिवाय कळणार नाही.

त्या दिवसापासून मी अस्वलांविषयी मिळेल ते वाचायला लागले आणि तुम्हाला फोनवर सांगायला लागले. त्याला दिसतं कमी, वास मात्र फार लांबून येतो. ते माणसाच्या मागे लागत नाही, पण अचानक समोर आलं तर घाबरून अंगावर येतं. पळायचं नाही. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "बरं. आता त्येनं बी ह्ये वाचलं आसंल तर बरं."

दिवाळीत सगळं थांबलं.

प्राची पुण्याहून सामान घेऊन कोरेगावला आली. अभिजित फोन उचलेना. आधी वाटलं, रुसवाफुगवी आहे, होईल नीट. मग कराडला एका नातेवाइकांच्या घरी बैठक बसली. बाहेरच्या खोलीत पुरुष बोलत होते. तुमचे मालक आणि सुभेदार, दोघेही एरवी आवाज न चढवणारे, त्या दिवशी जे बोलायचं नसतं ते बोलून बसले. तुमचे मालक म्हणाले, आमचा तुमचा संबंध संपला. सुभेदार म्हणाले, संपला तर संपला. आत स्वयंपाकघरात तुम्ही आणि मी समोरासमोर बसलो होतो, दोघींच्या हातात चहाचे कप. सगळं ऐकू येत होतं. तासाभरात तुम्ही एकच वाक्य बोललात, "तुमच्या च्यात साकर कमी पडली का?" मी म्हटलं, नाही, ठीक आहे.

त्यानंतर तुमचा कॉल आला नाही. मीही केला नाही. करायचा तरी कोणत्या नात्यानं? बूट खाटेखाली गेले. मी माझ्या मुलाशी भांडले, मग त्याच्या बाजूनं नवऱ्याशी भांडले. थंडी वाढली. कॅनॉलवरच्या बायका विचारायच्या, मॅडम, चालणं बंद केलं का? मी म्हणायची, गुडघा धरलाय.

आणि पौषातल्या एका शनिवारी सकाळी मोबाइलवर एक रिंग वाजली आणि बंद झाली.

मी नाव बघितलं आणि फोन उशीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी परत एक रिंग. तिसऱ्या दिवशी मी खाटेखालून बूट ओढले, मच्छिंद्रगड चढले, वरून तुम्हाला एक रिंग दिली. तुम्ही उचलला. उचलायचा नाही हा नियम तुम्हीच मोडलात. तुमच्याकडंही वारा वाहत होता. मग तुम्ही म्हणालात, "शिवरात्रीपतुर गर्दी आस्ती. त्याच्या फुडं जाऊ."

"घरी काय सांगणार?" मी विचारलं.

"म्हायेरला चालले म्हनून सांगीन. खोटं हाय का?"

मी सुभेदारांना खरं सांगितलं. संध्याकाळी बघितलं तर ते अंगणात बसून माझ्या बुटांच्या नाड्या बदलत होते. निघताना त्यांनी माझ्या गळ्यात एक शिट्टी अडकवली आणि म्हणाले, "व्याह्यांशी माझं भांडण आहे. त्यांच्या बायकोशी नाही."

तुमच्या भावाच्या घरी मुक्काम झाला. सकाळी दारात दात घासायला उभ्या राहिलो, तर खरंच समोर तो. पाण्यावर धुकं, आणि धुक्याच्या वर नुसता काळा माथा, खालचं अंग नाहीच. तुम्ही कितीतरी वेळ चूळ न भरता बघत होता. मग म्हणालात, "येक ठरवू. वर जाऊन खाली येस्तवर पोरांचं नाव काडायचं न्हाई."

"नाही काढायचं," मी म्हटलं. मला हायसं वाटलं.

लाँचमधून उतरलो तेव्हा आपल्याबरोबर वाटाड्या म्हणून तुमच्या माहेरच्या ओळखीचे सखाराम होते. साठीचा काटक माणूस, हातात घुंगराची काठी. त्यांनी आपल्या पिशव्या उघडून बघितल्या आणि तुम्ही पहाटे उठून केलेल्या गूळपोळ्या बाहेर काढल्या. "ह्याचा वास लांब जातो. ह्या लाँचवर ऱ्हाऊ द्या." लाँचवाल्यांची चंगळ झाली. मग ते म्हणाले, "आन् बाई, येक ध्यानात ठिवा. गप चालायचं न्हाई. बोलत चला, चांगलं मोट्यानं. त्येला कळलं मानसं येत्यात की त्येच बाजूला हुतं. आवचित गाठ पडली तरच वंगाळ."

आपण बोलायला लागलो. ओढा ओलांडला, वाटेतल्या जुन्या मारुती-गणपतीला हात जोडले, आणि बोलतच होतो. लोणच्याला मीठ किती, म्हैस कधी आटली, माझ्या वर्गातला एक मुलगा आता कसा मोठा साहेब झाला, जरंड्याच्या माकडानं तुमचा चष्मा कसा पळवला. चढण अंगावर यायला लागली. झाडी इतकी दाट की सकाळ असून संध्याकाळसारखं. हळूहळू वाक्यं तुटायला लागली, आणि मग सगळे विषय संपले. नुसता बुटांचा आणि श्वासाचा आवाज.

पुढून सखाराम वळले. "बाई, बोला."

"काय बोलू?" तुम्ही म्हणालात. "बोलायाचं हाय त्ये तर बांदून ठिवलंय."

मी म्हटलं, "मग सोडा."

आणि तुम्ही सोडलंत. त्या जंगलात, काठीवर भार टाकून, घामानं निथळत, खाली दरीपर्यंत जाईल अशा आवाजात.

"तुमचा पोरगा बोलत न्हाई, ईनबाई. आटआट दिस घरात मुका. भांडला आस्ता तर माजी लेक भांडली आस्ती. भितीसंगं कोन भांडनार?"

"तो लहानपणापासून तसाच आहे. हे बाहेर सीमेवर, मी दिवसभर शाळेत. घरी बोलायला होतं कोण त्याच्याशी?"

"मग त्ये माज्या लेकीनं भोगायचं व्हय?"

"आणि तुमच्या लेकीनं काय केलं? मला एक फोन? एकदा म्हणाली असती, आई, असं असं होतंय. मी गेले नसते का पुण्याला? सरळ सामान उचललं आणि कोरेगाव गाठलं."

"तिनं मला तरी कुटं सांगितलं?" तुमचा आवाज फाटला. "दारात बॅग घिऊन हुबी ऱ्हायली तवा कळलं मला. मला वाटलं, सनाला आली. म्या पुरनाचं पानी ठिवलं."

सखाराम पुढं चालत होते, मान वळवत नव्हते. कानावर पडत होतं सगळं, पण माणूस असा चालत होता की जसं आपण देवाची आरती म्हणतोय.

मी म्हटलं, "मला काय वाटलं असेल? माझ्या घरातली सून गेली, ईनबाई. मला मुलगी नाही. मी तिच्यासाठी..."

तुम्ही थांबलात. माझ्याकडं वळलात. बोट उगारून म्हणालात, "तुमचा अभिजित येकदा जरी..."

तेवढ्यात सखारामांचा हात वर गेला.

वाटेच्या डाव्या अंगाला, कारवीच्या झुडपांपलीकडं, कुणीतरी जोरजोरात नाक शिंकरावं तसा आवाज येत होता. ओढल्यासारखा, फुंकल्यासारखा. माती उडत होती. मग पाठ दिसली. काळी, केसाळ, तांबड्या मातीनं माखलेली. वारूळ उकरण्यात ते इतकं गुंतलं होतं की आपला एवढा आरडाओरडाही त्याच्यापर्यंत पोचला नव्हता, किंवा पोचूनही त्याला खाणं सोडवत नव्हतं. तुम्ही माझं मनगट धरलंत. गळ्यात शिट्टी आहे हे मला आठवलंसुद्धा नाही.

सखारामांनी काठी झाडाच्या बुंध्यावर आपटली. घुंगरू वाजले. आणि ते शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "जा बाबा, जा. आमी बी जातो."

अस्वलानं तोंड वर केलं. पांढुरकं लांब नाकाड, त्याला माती चिकटलेली. आपल्याकडं बघितलं की नुसता वास घेतला, कळलं नाही. आपण तिघं एकमेकांना चिकटून उभे. मग ते वळलं आणि झुडपं मोडत उताराला गेलं. बराच वेळ फांद्या मोडल्याचे आवाज येत राहिले, लांब लांब जात.

तुम्ही तिथंच खाली बसलात. ओठ पांढरे झाले होते. माझ्या मनगटावर तुमच्या बांगड्यांचे वळ उठले होते. मी पाण्याची बाटली तुमच्या तोंडाला लावली आणि म्हटलं, "परत जाऊ, ईनबाई. इतकं आलो, पुष्कळ झालं."

सखाराम म्हणाले, "बाई म्हनतील तसं."

तुम्ही पदरानं तोंड पुसलंत. म्हणालात, "नानाचं तोंड दिसलं मला."

"म्हणूनच म्हणते, परत जाऊ."

तुम्ही बराच वेळ उकरलेल्या त्या वारुळाकडं बघत राहिलात. मग काठीवर जोर देऊन उठलात. "त्येला त्येची वाट पायजे हुती, त्यो गेला. आता आपल्या वाटंवर कोन हाय? चला." आणि आतापर्यंत माझ्या मागं चालणाऱ्या तुम्ही माझ्या पुढं झालात. गडाच्या दरवाज्यापर्यंत मी तुमची पाठच बघत होते. खोचलेलं लुगडं, ट्रॅकपँटवरचे दोन पांढरे पट्टे, आणि ते लोखंडी बूट.

वर पोचलो तेव्हा ऊन लख्ख झालं होतं. बिनछपराच्या मारुतीपुढं तुम्ही बूट काढून बसलात. मग कड्याकडं गेलो. खाली सगळं पाणी पसरलेलं, मध्ये डोंगरांची बोटं घुसलेली. तुम्ही डोळ्यांवर हात धरून पलीकडचा काठ शोधायला लागलात. ती जांभळ, ती वाट, तो उतार, त्याच्या वर घर. सखाराम बोट करून दाखवत होते, तुम्हाला दिसेना. माझा गॉगल घालून बघितलंत, काढून बघितलंत. शेवटी एका पत्र्यावर ऊन चमकलं.

"त्ये व्हय?" तुम्ही म्हणालात. "येवढंच?"

मग हसलात. मी तुम्हाला तसं हसताना आधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. "तांदळाच्या दान्यायेवडं बी न्हाई. आन् म्या तिथं हुबी ऱ्हाऊन ह्याला भ्याले, ईनबाई. सारा जलम."

आपण भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तुम्ही अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवलीत, न विचारता, घरच्या माणसाला देतात तशी. मुलांचं नाव पुन्हा निघालं नाही.

उतरताना तुमचे गुडघे गेले. जिथं उतार तीव्र होता तिथं तुम्ही माझ्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून उलट्या पावली उतरत होता आणि मी तुमच्या मागं बघून सांगत होते, आता दगड आहे, आता मूळ आहे, आता सपाट. लाँच सुरू झाली तशी तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपलात. तुमच्या केसांना जंगलाचा, घामाचा, धुळीचा वास येत होता.

मला विचारायचं होतं. तुमचा अभिजित येकदा जरी, काय? एकदा जरी बोलला असता? एकदा जरी घ्यायला आला असता? की आणखी काही, जे फक्त तुमच्या लेकीनं तुम्हाला सांगितलं होतं? तुम्हाला उठवावंसं वाटेना. मग पुढं फोनवर विचारावंसं वाटेना. आपलं बरं चाललं होतं, ईनबाई. ते वाक्य जिथं तुटलं तिथंच राहू दे असं मला वाटलं, आणि तुम्हालाही वाटलं असावं, कारण तुम्हीही कधी पुरं केलं नाही. मी ते अभिजितसमोर परवा म्हणून बघितलं, तुमच्याच शब्दांत. कितीतरी वर्षांनी तो माझ्याशी सलग बोलला. काय बोलला ते मी तुम्हालाही सांगणार नाही. पण बोलला.

ज्या दिवशी कोर्टात दोघांच्या सह्या झाल्या, त्या संध्याकाळी तुमचा फोन आला होता. रिंग देऊन बंद नाही केलात.

"झालं म्हनं," तुम्ही म्हणालात.

"हो. झालं."

"रडला न्हाई न्हवं?"

"नाही. तुम्ही?"

"म्हशी राकताना जरा. सकाळच्याला चडनार का?"

"चढणार."

"मग निजा आता."

पुढच्या साली नागेश्वर करायचा, असं आपलं ठरलं होतं. तिथून कोकण दिसतं, असं सखाराम म्हणाले होते. तुम्ही नवे बूट घ्यायचे कबूल केले होते.

मग तो फोन. स्क्रीनवर तुमचं नाव, पण रिंग थांबेना. उचलला तर प्राची. आमचं घर सोडून गेल्यापासून पहिल्यांदा तिचा आवाज ऐकत होते.

"आई," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई गेली."

मी निघाले. सुभेदार बरोबर यायला निघाले, मग दारातच थांबले. म्हणाले, "मी आलो तर त्यांना अवघड होईल. तू जा." कोरेगावला पोचले तेव्हा तुम्हाला नेऊन माणसं परत आली होती. अंगणात पुरुष बसले होते, ओसरीवर बायका. तुमच्या भावकीतल्या, माहेरच्या, शेजारच्या. मी उंबऱ्याशी उभी राहिले. कुठं बसायचं, ते मला कळेना. विहीण असते तर जागा ठरलेली होती. प्राचीनं मला बघितलं, ती आतून उठायला लागली, पण बायकांच्या गराड्यातून तिला निघता येईना.

एका म्हाताऱ्या बाईनं डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ह्या कोन म्हनायच्या?"

कुणी बोलेना. काहींना माहीत होतं, म्हणूनच बोलेनात.

तेव्हा अंगणातून तुमचे मालक बोलले. कराडच्या बैठकीनंतर ते आमच्या घराशी एक शब्द बोलले नव्हते. भिंतीला टेकून बसले होते, तिथूनच, खाली बघत म्हणाले, "ह्यांच्यासंगं शालन वासोट्याला गेलती."

मी त्यांच्याकडं बघितलं. तुम्ही तर सांगितलं होतं, माहेरला जाते म्हणून.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले. मला म्हणाले की त्या म्हातारीला, कळलं नाही. "आल्यावर चार दिस तिला उटता येत न्हवतं. म्याच पाय चोळून दिलं. चोळताना सारं सांगितलं तिनं. आस्वल, आन् ह्यांचा खांदा, आन् समदं."

म्हातारीनं आपला पाय ओढून घेतला, शेजारणीला हातानं पलीकडं सारलं आणि घोंगड्यावर आपल्या शेजारी जागा केली.

"या," ती म्हणाली. "बसा हितं."

मी चपला काढल्या आणि तुमच्या माणसांत जाऊन बसले.